समुद्राच्या दारातले झारेकरी

माझ्या लहानपणी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आमच्या गावच्या सराफकट्ट्यावर एक वेगळीच वर्दळ असे. दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्या असत, रस्त्यावर फटाक्यांच्या कागदांचा लाल सडा पडलेला असे, आणि त्या सड्यातून वाट काढीत दोन-चार माणसे कुंचा आणि पाटी घेऊन दुकानांच्या पायऱ्यांपुढची धूळ गोळा करीत असत. हे झारेकरी. सोनाराच्या कानशीतून उडालेला, गिऱ्हाइकाच्या चपलेला चिकटून बाहेर आलेला सोन्याचा कण त्या धुळीत असतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण ठाऊक असून उपयोग काय? ती धूळ घमेल्यात घालून, नाल्याच्या पाण्यात हलवून हलवून, हलकी माती वाहू द्यायची, जड गाळ राखायचा आणि शेवटी त्या गाळात पारा फिरवायचा. पाऱ्याचा गुण असा की तो वाळूकडे ढुंकून पाहत नाही. सोन्याला मात्र मिठी मारतो. एवढा खटाटोप करून दिवसाअखेर गुंजभर सोने हाती आले तर आले. त्या गुंजेची किंमत आणि दिवसभराच्या मजुरीची किंमत यांचा ताळा जमला, तर धंदा टिकला.

हे झारेकरी मला पुन्हा आठवले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने. तो शास्त्रशाखेचा, माझ्याकडे केवळ भाषेच्या तासाला बसणारा. म्हणाला, "सर, समुद्राच्या पाण्यात युरेनियम आहे आणि ते कापडाने गाळून काढतात, हे खरे का?" मी मराठीचा प्राध्यापक, मला अशा प्रश्नांपासून पळ काढण्याचा हक्क आहे. पण 'कापडाने' ह्या शब्दाने मला अडवले. समुद्र आणि तो कापडाने गाळायचा! मग वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो, आणि जे हाती लागले ते इतके चमत्कारिक निघाले की ते वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवेना.

समुद्रातून धन काढण्याचा आधुनिक काळातला पहिला मोठा उद्योग युरेनियमचा नव्हता, सोन्याचा होता. फ्रिट्झ हाबर हे नाव रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची युक्ती ह्या जर्मन शास्त्रज्ञाने शोधली आणि आज निम्म्या जगाचे ताट त्या खतावर भरते. त्याच माणसाने पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा मारा उभा केला, हेही खरे. युद्धात जर्मनी हरला आणि १९२१ साली विजेत्यांनी त्याच्यावर १३,२०० कोटी सुवर्णमार्कांची खंडणी लादली. सोन्याच्या वजनात सांगायचे तर सुमारे ४७ हजार टन! एवढे सोने आणायचे कोठून? हाबरला समुद्र आठवला. स्वान्ते अऱ्हेनियस ह्या स्वीडिश पंडिताने असा अंदाज केला होता की समुद्राच्या एक टन पाण्यात सहा मिलिग्रॅम सोने आहे. हाबरने स्वतः काही नमुने तपासले, तेव्हाही आकडा तसाच निघाला. मग काय! १९२३ साली हांबुर्गहून न्यूयॉर्कला निघालेल्या 'हान्सा' बोटीवर गुपचूप एक प्रयोगशाळा मांडली गेली. उतारू वरच्या डेकवर हवा खात होते आणि खाली एक नोबेल-पारितोषिकाचा मानकरी अटलांटिकच्या पाण्यात सोने शोधत होता.

सोने सापडले नाही. म्हणजे सापडले, पण किती? हजारो नमुने तपासल्यावर सरासरी निघाली टनामागे ०.००४ मिलिग्रॅम. आधीच्या तपासण्यांत जे सोने दिसले होते, त्यातले बरेचसे वापरलेल्या रसायनांतून आणि भांड्यांतूनच आलेले होते! १९२७ साली हाबरने सारा हिशेब छापून टाकला आणि प्रकरण मिटवले. पुढे हिटलरच्या राजवटीत ज्यू म्हणून त्याला देश सोडावा लागला आणि १९३४ साली परक्या भूमीवर त्याचा अंत झाला. ज्या राष्ट्राचे कर्ज फेडण्यासाठी त्याने समुद्र ढवळला, त्या राष्ट्राने त्याची अशी परतफेड केली.

आता मौज पाहा. हाबरने टनामागे सहा मिलिग्रॅम सोन्याची आशा धरली होती. समुद्राच्या पाण्यात युरेनियम आहे टनामागे ३.३ मिलिग्रॅम. म्हणजे तो ज्या मापाच्या खजिन्याच्या मागे होता, जवळजवळ त्याच मापाचा खजिना त्या पाण्यात होता. फक्त धातू निराळा होता. आणि १९२३ साली ह्या धातूला विचारतो कोण? १७८९ साली क्लाप्रोट ह्या जर्मन रसायनतज्ज्ञाने तो ओळखला, तेव्हा नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाचे नाव त्याला दिले. पुढे शे-दीडशे वर्षे त्याचा मुख्य उपयोग काय, तर काचेच्या फुलदाण्यांना पोपटी-पिवळा रंग देणे! १९३८ साली त्याचा अणू फुटतो असे आढळले आणि फुलदाणीचा रंग एका रात्रीत राजकारणाचा विषय झाला.

हे युरेनियम समुद्रात आले कोठून? डोंगरातून. आपल्या पायाखालच्या बहुतेक खडकांत, विशेषतः ग्रॅनाइटमध्ये, ते अत्यल्प प्रमाणात असते. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन खडकावर झिरपते आणि युरेनियमला विरघळवून नदीत नेते. एकदा समुद्रात आले की त्याची कार्बोनेटशी अशी गट्टी जमते की ते तळाला बसत नाही, लाखो वर्षे पाण्यात फिरत राहते. म्हणूनच ते अरबी समुद्रात जेवढे, तेवढेच जवळपास प्रशांत महासागरात. सगळे मिळून सुमारे ४५० कोटी टन. जमिनीवरच्या माहीत असलेल्या, परवडण्याजोग्या साठ्यांचा आकडा साठ ते ऐंशी लाख टनांच्या घरात जातो. आणि जगातल्या अणुवीजकेंद्रांची वर्षाची भूक साठ-सत्तर हजार टनांची आहे. भागाकार वाचकांनी स्वतः करावा. वर्तमानपत्रांत 'समुद्रात साठ हजार वर्षांची वीज' असे मथळे येतात ते ह्याच भागाकारातून.

पण मथळे लिहिणाऱ्याला धूळ चाळावी लागत नाही. टनामागे ३.३ मिलिग्रॅम म्हणजे किती, ते घरगुती मापाने पाहू. उन्हाळ्यात आपल्या दारी येणारा दहा हजार लिटरचा टँकर समुद्राच्या पाण्याने भरला, तर त्यात तांदळाच्या जेमतेम दीड दाण्याच्या वजनाएवढे युरेनियम असेल. एक किलो युरेनियम म्हणजे आकाराने एखाद्या मोठ्या लिंबाएवढा गोळा. तो जमवायला असे तीस हजार टँकर हवेत, आणि तेही प्रत्येकातला कण न् कण हाती लागला तर!

ब्रिटनमधील हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात ह्या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळी द्रव्ये समुद्राच्या पाण्यात घालून त्यांनी पाहिले, की पाऱ्याप्रमाणे निवडून मिठी मारणारे कोण आहे. टायटॅनियमचे जलयुक्त ऑक्साइड त्यांना सर्वांत सरस वाटले. पुढे जपानने शिकोकू बेटावर निओ येथे १९८०च्या दशकात ह्याच द्रव्याचा कारखाना नमुन्यादाखल उभारला. समुद्राचे पाणी पंपाने खेचायचे, ह्या द्रव्याच्या थरातून सोडायचे आणि परत समुद्रात टाकायचे. युरेनियम मिळाले. पण धंद्याचा ताळा बसेना. का बसेना, हे समजायला मोठे गणित लागत नाही. मी कागद-पेन्सिलीने करून पाहिले.

आपल्याकडच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून साधारण पन्नास हजार युनिट वीज मिळते. महिना दीडशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला ती पंचवीस वर्षांहून जास्त पुरेल. आता त्या एक किलोसाठी लागणारे तीन लाख टन पाणी समजा दहा मीटर वर चढवावे लागले. पंपाची झीज-तूट धरून बारा हजार युनिट गेले. पण पाण्यातले सगळे युरेनियम थोडेच अडकते! समजा चारातला एक भाग अडकला. म्हणजे पाणी चौपट, वीजही चौपट : अठ्ठेचाळीस हजार युनिट. पन्नास हजार मिळवण्यासाठी अठ्ठेचाळीस हजार घालवायचे, आणि कारखान्याचा, माणसांचा, रसायनांचा खर्च अजून मांडलेलाच नाही. समुद्रातल्या धनाची सगळी कथा ह्या एका वजाबाकीत आहे. धन आहे, याविषयी वाद नाही. ते गोळा करायला किती मोजावे लागते हाच प्रश्न आहे, आणि हा प्रश्न आमच्या झारेकऱ्याला ह्या साऱ्या पंडितांच्या आधी कळला होता.

ह्या कोंडीतून वाट निघाली ती जपानमध्येच. ताकासाकी येथील अणुशक्ती संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मंडळींनी विचार उलटा फिरवला. समुद्र आपल्याकडे कशाला आणायचा? तो कधी स्वस्थ बसतो का? भरती आहे, ओहोटी आहे, प्रवाह आहेत. आपण जाळे टाकून बसावे, पाणी आपणहून त्यातून ये-जा करील. पंपाचे बिल समुद्र भरील.

हे जाळे म्हणजेच माझ्या विद्यार्थ्याचे 'कापड'. पॉलिएथिलीनच्या तंतूंचे, न विणता नुसते दाबून केलेले. २०२०च्या महामारीत आपण सर्वांनी तोंडाला लावलेल्या मुखपट्ट्या असल्याच जातीच्या कापडाच्या होत्या. अशा कापडाला युरेनियमची मुळीच ओढ नसते. म्हणून त्यावर आधी वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. त्याने तंतूंवर जागोजाग जणू ओरखडे उठतात. तेथे अॅक्रिलोनायट्राइल नावाच्या द्रव्याच्या साखळ्यांचे कलम करतात, आणि मग हायड्रॉक्सिलअमाइनच्या प्रक्रियेने त्या साखळ्यांवर 'अमिडॉक्झिम' नावाचे गट उगवतात. आंब्याच्या कोयीवर हापूसची काडी बांधावी, तसाच हा प्रकार. खोड साधे, फळ मात्र पाहिजे त्या जातीचे.

येथे भाषेच्या मास्तराला दोन शब्दांचा मोह आवरत नाही. पाणी टिपकागदात शिरते ते शोषण. पण एखादी वस्तू दुसरीच्या केवळ पृष्ठभागाला चिकटून राहते, आत शिरत नाही, त्याला आपल्या परिभाषाकारांनी 'अधिशोषण' असा शब्द दिला आहे. कार्तिकात माळावरून चालून आल्यावर धोतराच्या काठाला किंवा साडीच्या निऱ्यांना कुसळे चिकटलेली असतात, ते अधिशोषण. दुसरा शब्द रसायनशास्त्रातला 'कीलेट' : हा ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आला आहे. अमिडॉक्झिम ही अशीच नांगी आहे. पाण्यातल्या युरेनियमच्या अणूला दोन बाजूंनी दोन ऑक्सिजन, सरळ रेषेत, कानांसारखे चिकटलेले असतात, आणि कमरेभोवती तीन कार्बोनेटांनी फेर धरलेला असतो. नांगीला जागा मिळायची ती कमरेपाशीच. म्हणजे आधी कार्बोनेटांचा फेर मोडायचा आणि मग पकडायचे. ह्याला वेळ लागतो. तासांत होत नाही, दिवस, आठवडे लागतात. म्हणून घाईच्या पंपापेक्षा सबुरीचे जाळे बरे.

१९९९ ते २००१ ह्या काळात जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रांतात, मुत्सू-सेकिने येथे किनाऱ्यापासून सात किलोमीटर आत हा प्रयोग झाला. तीन मोठे पिंजरे, त्यांत ३५० किलो कापड, खोली वीस मीटर. कापड अधूनमधून वर काढायचे, आम्लाने धुऊन युरेनियम उतरवून घ्यायचे आणि कापड पुन्हा पाण्यात सोडायचे. एकूण २४० दिवस ते पाण्याखाली होते आणि मिळकत झाली एक किलोपेक्षा थोडी अधिक. संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात ह्या उद्योगाला मत्स्यशेतीसाठी रूढ असलेला शब्द वापरला. ज्या देशात समुद्रात शेवाळ आणि शिंपले पिकवतात, त्या देशाला युरेनियमही 'पिकवावे' असे वाटणे साहजिक आहे.

ह्या मुत्सू नावामागे एक कडू आठवण आहे, ती सांगायला हवी. १९७४ साली ह्याच नावाच्या जपानी अणुजहाजातून पहिल्याच सफरीत किरणोत्सर्गाची थोडी गळती झाली. मुत्सूच्या आखातातल्या शिंपले पिकवणाऱ्या कोळ्यांनी ते जहाज बंदरात परत येऊ देण्यास नकार दिला, आणि ते आठवड्यांमागून आठवडे समुद्रातच तिष्ठत राहिले. पुढे त्या जहाजासाठीच सेकिनेहामाचे नवे बंदर बांधावे लागले. ज्या किनाऱ्याने अणूला दार लावून घेतले होते, त्याच किनाऱ्यासमोर पंचवीस वर्षांनी अणूचे इंधन शोधणारे पिंजरे पाण्यात उतरले.

मुत्सूचे पाणी थंड. प्रयोगात असे दिसले की पाणी जितके उबदार, तितके कापड जास्त युरेनियम धरते. म्हणून पुढचे प्रयोग दक्षिणेला ओकिनावाकडे झाले, आणि पिंजऱ्यांऐवजी तंतूंच्या लांब वेण्या घातल्या गेल्या. तळाशी नांगर, वर तरंगता सुटा शेंडा : सागरी शेवाळाचे रानच जणू. पिंजऱ्यांचा अवजड खर्च वाचला. महिनाभरात ह्या वेणीने किलोमागे सुमारे दीड ग्रॅम युरेनियम धरले. हा आकडा दिसायला क्षुल्लक आहे. पण झारखंडमधील आपल्या जादुगुड्याच्या खाणीतला दगड शेकडो मीटर खोलीवरून वर काढतात, तेव्हा त्यात किलोमागे अर्धा-पाऊण ग्रॅमच युरेनियम असते. म्हणजे महिनाभर समुद्रात डुंबलेली वेणी जादुगुड्याच्या दगडाहून श्रीमंत! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

मग अजून खाणी का चालतात? कारण दगड फुकटचा असतो, वेणी विकत घ्यावी लागते. आणि वेणीला शत्रू फार. पहिला शत्रू व्हॅनेडियम. हा धातूही समुद्रात थोड्याफार त्याच प्रमाणात आहे आणि अमिडॉक्झिमच्या नांगीला तो युरेनियमपेक्षाही प्रिय. आपण जागा राखून ठेवावी आणि भलत्यानेच येऊन ठाण मांडावे, अशी गत होते. त्याला हुसकायचे तर जहाल आम्ल लागते, आणि जहाल आम्लाने नांग्याच झडतात. दुसरा शत्रू जीवसृष्टी. समुद्रात काहीही बुडवून ठेवा, त्यावर आधी बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग शिंपले. अमेरिकेच्या प्रयोगात प्रकाशात ठेवलेल्या तंतूंची पकड ह्या वाढीमुळे सुमारे तीस टक्क्यांनी घटली. अंधारात ती फारशी घटली नाही. आपल्या कोकण किनाऱ्याचे उबदार पाणी म्हणूनच वर आणि शाप दोन्ही आहे. युरेनियम लवकर चिकटेल, पण कालवेही लवकर चिकटतील.

अमेरिकेने २०११च्या सुमारास ह्या कामात पुन्हा लक्ष घातले. ओक रिजच्या प्रयोगशाळेने अधिक दाट नांग्यांचे तंतू बनवले; ५६ दिवसांत किलोमागे तीन ग्रॅमांच्या पुढे मजल गेली. २०१८ साली एका छोट्या कंपनीने स्वेटर विणायच्या जातीच्या साध्या अॅक्रिलिक धाग्यावर प्रक्रिया करून पाच ग्रॅम पिवळी भुकटी काढून दाखवली. चीननेही २०१९ पासून मोठी आघाडी उघडली आहे. पण खर्च? अजूनही खाणीतल्या युरेनियमच्या कितीतरी पट.

आता ह्या गोष्टीत नॅनो-पदार्थांचा प्रवेश होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपले नख दर सेकंदाला साधारण एवढे वाढते. हे वाक्य वाचेपर्यंत ते चार-पाच नॅनोमीटर वाढलेसुद्धा. एवढ्या बारकाव्याचा येथे उपयोग काय? घरातली खडीसाखर घ्या. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा खडा. त्याला सहा बाजू, म्हणून पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. एक मोठे टपाल-तिकीट जेमतेम झाकेल. तोच खडा कापून कापून एक-एक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग होतो सहा हजार चौरस मीटर. म्हणजे साठ गुंठे, दीड एकर! वजन तेच, साखर तीच. आणि अधिशोषण हा तर सगळा पृष्ठभागाचाच कारभार. ज्याची जमीन जास्त, त्याचे पीक जास्त.

पण एवढी बारीक भुकटी समुद्रात टाकली, तर ती परत आणायची कशी? समुद्रात कालवलेले सातू कोण वेचणार! म्हणून शास्त्रज्ञ दोन युक्त्या करतात. एक, लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण घेऊन त्यांवर नांग्या बसवायच्या आणि काम झाल्यावर चुंबकाने ओढून घ्यायचे. ही समुद्रापेक्षा टाकीतल्या पाण्याला सोयीची. दुसरी युक्ती अधिक सुंदर आहे : तुकडे करूच नयेत, पदार्थ आतूनच पोकळ घडवावा. आपला आकाशकंदील आठवा. कामट्या, आणि त्या जुळतात तेथे दोऱ्याच्या गाठी. बाकी सगळी पोकळी. धातूचे अणू म्हणजे गाठी आणि सेंद्रिय रेणू म्हणजे कामट्या, असे लक्षावधी आकाशकंदील एकमेकांना जोडून हे स्फटिक बनतात. त्यांच्या एका ग्रॅमच्या पोटात हजारो चौरस मीटर पृष्ठभाग असतो. ह्या 'धातू-सेंद्रिय चौकटीं'च्या शोधाबद्दल २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मिळाले. कामटीला पाहिजे ती नांगी जोडता येते आणि दाराचे माप युरेनियमच्या बेताचे ठेवता येते. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली अशीच एक चौकट तयार केली. तिच्या कामट्यांवर धन विद्युत्भार होता, कारण कार्बोनेटांच्या फेऱ्यातले युरेनियम ऋणभारित असते. आणि आत मोठ्या वाटा ठेवल्या होत्या, म्हणजे पाण्याला गल्लीबोळांत अडकून न पडता आत-बाहेर करता यावे. खऱ्या समुद्रजलातून युरेनियम उचलून त्यांनी ती पारखली.

'खऱ्या समुद्रजलातून' ह्या शब्दांवर मी मुद्दाम जोर देतो. ह्या विषयावरचे निबंध चाळताना माझ्या ध्यानात आले की पुष्कळांचे थोर आकडे ज्या पाण्यातले असतात, त्यात युरेनियम आधी हाताने मिसळलेले असते, तेही समुद्राच्या हजारो पट. सराफाच्या तिजोरीत झाडू मारून झारेकऱ्याची कसोटी लागते होय? वाचकांनी अशी बातमी वाचली, तर पाणी कोठले आणि दिवस किती, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राची मंडळी ह्या कसोटीला बाहेर पडली होती, हे नमूद करायला हवे. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी पॉलिप्रॉपिलीनच्या कापडावर तसेच कलम केले आणि ते ट्रॉम्बेच्या खाडीत व तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या कालव्यांत बुडवून पाहिले. मिळकत नाममात्र होती. पण तारापूरची जागा ज्याने सुचवली, त्याच्या व्यवहारबुद्धीला दाद द्यावी. वीजकेंद्राची यंत्रे थंड ठेवायला समुद्राचे पाणी तेथे रात्रंदिवस खेचले जातच असते आणि ऊब घेऊन परत जात असते. पंपाचे बिल आधीच चुकते झालेले. वर पाणी कोमट. वजाबाकीतला सगळ्यात जड आकडा तेथे आपोआप गळतो.

समुद्राचे हे पुराण येथवर वाचून एखादी गृहिणी विचारील, की आमच्या स्वयंपाकघराशी ह्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो समुद्रापेक्षा निकडीचा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम असते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा घातली आहे लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची. आणि पंजाबच्या माळवा भागात, बठिंडा-मानसाच्या बाजूला, अनेक कूपनलिकांचे पाणी ही मर्यादा ओलांडते. काही ठिकाणी आकडा शंभराच्याही वर गेला आहे. ज्याच्यासाठी जपानने समुद्रात पिंजरे सोडले, ते तीसपट दाट होऊन तेथल्या माणसांच्या तांब्यात येते. दोष कोणा कारखान्याचा असेलच असे नाही. खोल जमिनीतला गाळ आणि पाण्यातले बायकार्बोनेट ह्यांची तीच जुनी गट्टी. अशा पाण्यात किरणोत्सर्गाचे भय त्या मानाने कमी. मूत्रपिंडाला त्रास होतो तो धातूच्या रासायनिक विषाने, आणि हळूहळू.

अशा घरातले लोक आपल्यासारखेच भिंतीवर आरओचे यंत्र बसवतात. ते युरेनियम अडवते, पण नाहीसे करीत नाही. शुद्ध पाणी घागरीत येते आणि युरेनियमचा वाटा उरलेल्या पाण्याबरोबर मोरीत, मोरीतून शोषखड्ड्यात आणि तेथून पुन्हा त्याच जमिनीत जातो. अधिशोषकाचा गुण येथे कामाला येतो. तो पाण्यातले मीठ, चुना सोडून नेमके युरेनियम धरतो, आणि धरलेले जवळ ठेवतो. समुद्रासाठी ज्याला महागडा म्हणून नाके मुरडली, तो पदार्थ गावच्या एका टाकीवर परवडू शकतो. कारण येथे हिशेब किलोच्या भावाचा नाही आणि पाणीही आधीच उपसलेले आहे. सहा महिन्यांनी त्या टाकीतली भरलेली नळी काढून कोणाच्या हाती द्यायची, ती धुणार कोण, आणि धुऊन निघालेली चिमूटभर पिवळी भुकटी ठेवायची कोठे, हे मात्र अजून ठरायचे आहे. त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले, तर तो म्हणाला, "सर, मग मी एमएस्सीला हाच विषय घेऊ का?"